झडती

बिटकोवरच्या दुकानातून
बारा ट्यूबांची पेटी आणली, एकशे नव्वदची.
दुकानदार म्हणाला, "मुलासाठी?"
हो म्हणाले.
मला मूल नाही.

आप्पांना जाऊन चाळीस दिवस झाले.
दसकच्या घाटावर सगळे रडले,
जेलरोडचा रिक्षावालासुद्धा;
माझ्या डोळ्यात राखेचा कण गेला,
तेवढंच लोकांना पुरलं.

एकतीस वर्षं आप्पा प्रेसमध्ये.
दिवसभर शाईत. कोट्यवधी रुपये
बोटांखालून ओले निघून गेले,
आणि भोंगा झाला की गेटवर झडती:
खिसे, डबा, चपलांचे तळ.
तिथून काही बाहेर आणायचं नसतं.
त्यांनी कधीच आणलं नाही.
एक शब्दसुद्धा.

घरी येऊन ते माझं दप्तर तपासायचे.
रोज.
कंपासपेटी, वह्यांची मागची पानं.
एकदा तिथं एक झाड सापडलं, लाल पानांचं.
"झाड लाल असतं का?" एवढंच विचारलं,
कागद फाडला, चार घड्या घातल्या
आणि खिशात ठेवून दिला.
मारलं असतं तर बरं झालं असतं.

आता रात्री भांडी झाली की ओट्यावर कागद पसरते.
राग लाल असतो म्हणतात.
लावून पाहिला. लग्नाच्या पत्रिकेसारखा दिसला.
माझा हिरवट निघाला,
हौदाच्या तळाच्या शेवाळाचा,
त्यात थोडा गेरू, आणि चहा,
ब्रश चुकून कपात बुडला म्हणून.
त्यानंतर रंग बरोबर जमला.

त्याच रंगात त्यांचे हात काढले.
मनगटं साधली नाहीत,
अंगठा बटाट्यासारखा आला.
नखांपाशी पोचले आणि थांबले.
तिथं एक निळी कड असायची,
रॉकेलनं, साबणानं, निवृत्तीनंही न गेलेली.
रोज गेटवरून
बिनबोभाट घरी यायची ती तेवढीच.

काढताना पाणी जास्त झालं.
निळा पसरत गेला,
मनगटावर, कागदाबाहेर, ओट्यावर.
मी पुसलं नाही.

सकाळी आहेरबाईंनी विचारलं,
"नखांना काय झालंय गं?"
"शाई," म्हटलं, आणि दूध आत घेतलं.

मग त्यांचं कपाट उघडलं.
पाकीट, पेन्शनची फाईल, स्वेटरचे खिसे,
चपलांचे तळसुद्धा.
तो कागद नाही सापडला.

आज झाड काढणार आहे.
पानांचं अजून ठरलं नाही.