शेऱ्याचा रकाना

दत्तोबा व्हटकरांची वही लांबट, लाल कापडाची.
"हे समदं कॉम्प्युटरात घाल," म्हणाले,
आणि दोन हाफ चहा सांगितले.
"बघतो," म्हटलं मी. आमच्यात मुलीही असंच बोलतात.
बाहेर चप्पल लाईनीत एक गिऱ्हाईक
नव्या जोडीची करकर ऐकत
चार पावलं पुढं, चार मागं.

वहीत एका ओळीत एक जोडी
आणि जोडीबरोबर अख्खं वऱ्हाड:
तळ कुणी कापला, कान कुणी लावले, वेणी कुणाची,
गिऱ्हाईक कुठलं, बाकी किती,
"पोरीचं लग्न हाय, तगादा नको."

"कापशी" तीन पानांत अकरा वेळा.
हे गाव, की घाट?
"मला कळतंय की!"
तेच तर, काका. तुम्हाला कळतंय.
मशीन काही तुमच्या डोक्यात राहायला येणार नाही.
मग गावांचा तक्ता वेगळा, प्रकारांचा वेगळा,
आणि कापशी दोन्हीकडं, दोन नंबरांनी,
जत्रेत चुकल्यासारख्या दोन मावसबहिणी.

कंडक्टर मगदूम, माप "८/९".
म्हटलं, एका घरात एकच आकडा राहील.
ते म्हणाले, डावा पाय लहानपणी तापात बारीक राहिला.
म्हणजे माप माणसाचं नसतंच,
पायाचं असतं.
घरी जाताना केएमटीत मी सगळ्यांचे पाय बघत बसलो.

बाकी शून्य म्हणजे फिटली.
बाकी कोरी म्हणजे कुणी विचारलंच नाही.
हे दोन त्यांनी चाळीस वर्षं एकाच रेघेनं लिहिलेले.

एक गोष्ट एकाच जागी लिहायची, मी ठासून सांगितलं,
वेणीचा दर वाढला की एकदाच खोडायचं,
सगळीकडं आपोआप.
चष्मा कपाळावर गेला.
"आन् मागच्या दिवाळीला जे दिलं, ते बी वाढणार व्हय?"
माझी पेन्सिल थांबली.
आजचा दर दराच्या तक्त्यात,
त्या दिवशीची मजुरी त्या जोडीच्या अंगावर.
हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

"आक्का", "आ. सातपुते", "मुरलीची आई", "मडिलगेवाली":
चौघींची मजुरी एकच बाई घेऊन जायची.
तिला नंबर दिला, सतरा.
नावं बदलतात, गावं बदलतात, सतरा बदलत नाही.
एका जोडीला पाच हात, एका हाताच्या शेकडो जोड्या,
म्हणून मध्ये एक बारका तक्ता ओवला:
जोडी, माणूस, काम.
त्यात चामडं नाही, माणूस नाही,
नुसता दोरा.

शेऱ्याच्या रकान्याला मात्र मी नाही म्हटलं होतं.
तिथं अडगळ साठते, बेरीज होत नाही.
ते हटून बसले. साठ अक्षरांपुरता दिला.

श्रावणात आक्काताई गेली.
"सतरा नंबर पुसून टाक," ते म्हणाले, माझ्याकडं न बघता.
मी पुसायला गेलो, मशीननं नकार दिला.
तीनशे बारा ओळी तिच्याकडं बोट करून उभ्या.
तिला काढायचं तर त्या जोड्या
कुणीच न विणलेल्या होणार.
"मशिनीला एवढं कळतंय?"
नाही, काका. मीच तसं सांगून ठेवलंय.

बराच वेळ ते पडद्याकडं बघत राहिले.
मग "कधीपर्यंत" असा एक रकाना वाढवला आम्ही,
तारीख घातली, ओळ राहिली.
कीबोर्ड स्वतःकडं ओढून,
एका बोटानं, वेलांटी शोधत शोधत,
त्यांनी शेऱ्यात लिहिलं:
वेणी सैल नाही.

साठातली निम्मी अक्षरंही लागली नाहीत.