कडेची वीण

आमच्या शहराच्या नावाचा अर्थ होडी,
आणि नदी मात्र रस्त्याखाली कोंडलेली.
वूचमध्ये पाणी दिसतं ते माझ्या टेबलावर,
बेचाळीस अंशांचं, काळ्या तळाच्या भांड्यात.
त्यावर मी माणसांचे काप तरंगत सोडते.

मेणात बसवलेला वाटाण्याएवढा तुकडा,
पातं सरकतं, आणि एक फीत निघते
इतकी पातळ, की श्वास जोरात सोडला
तर कुणाचं तरी जठर उडून जाईल.
एकतीस वर्षं मी श्वास बेतानं सोडते आहे.

मग रंग. जांभळा केंद्रकांना,
गुलाबी उरलेल्या सगळ्याला.

आई चौदाव्या वर्षापासून विड्झेव्हच्या गिरणीत.
आमच्या भाषेत विणण्याच्या क्रियापदातूनच
ऊतीचा शब्द निघतो. ती हसायची त्यावर,
"म्हणजे तूही मागावरच बसलीस, लुद्मिवा!"
फार मोठ्यानं हसायची.
स्वतःचा आवाज तिला ऐकू येत नसे.

कानाच्या शंखात केसाळ पेशी असतात, पंधरा-सोळा हजार.
आवाज आला की लवायचं, एवढंच त्यांचं काम.
मागांच्या खडखडाटात त्या एकेक आडव्या झाल्या
गवतासारख्या. पण गवत पुन्हा उठतं.
जी पेशी एकच काम इतकं मन लावून शिकली
तिच्या जागी बदली कामगार मिळत नाही.

आणि सुरुवातीला तर सगळ्या सारख्याच.
एकाच पेशीच्या लेकी, प्रत्येकीकडे तेच अख्खं पुस्तक.
शेजारीण कानाशी लागून सांगते,
तू हे पान वाच, बाकीची मिटून ठेव.
मग कुणी आतड्याचं अस्तर होते आणि पाच दिवसांत झडते,
कुणी हाड रचता रचता
त्याच हाडात स्वतःला चिणून घेते.
पाठीच्या कण्यातली एक तर
थेट पायाच्या पंजापर्यंत हात लांबवते.
रक्तात उतरणारी आपलं केंद्रकच टाकून देते,
पुस्तकासकट, ओझं वाहायला जागा व्हावी म्हणून.
हिचं मला अजून वाईट वाटतं.

अभिस्तर, संयोजी, स्नायू, चेता,
नवी पोरं घोकत बसतात.
तिमोन दर वेळी संयोजीवर अडतो.
तिला सगळेच विसरतात, मी म्हणते,
ती नसती तर आत्ता तू
या खुर्चीखाली सांडलेला असतास.

एका नोव्हेंबरात आई घराची किल्ली घ्यायला
प्रयोगशाळेत आली. ब्याऐंशी वर्षांची, ओला कोट.
मी तिला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं.
काच त्या सकाळचीच, मोठ्या आतड्याची.
बराच वेळ ती काही बोलली नाही.
मग कापड तपासायला बसायची
तशी मान तिरकी करून
नखानं हवेत एक रेघ ओढली.
"इथवर ठीक आहे. ओळ धरून आहे. हेही चालेल.
पण इथं कडेला बघ, वीण सुटलीय.
घाई झालीय कुणाला तरी,
सगळे एकमेकांच्या अंगावर."

संध्याकाळी डॉक्टर व्हर्बित्स्कांनी
काचेवर शाईचं वर्तुळ काढलं.
तिथंच.

पण आईचं लक्ष भलतीकडेच होतं.
"कापड कुणाचं हे?"
मी ओठ नीट हलवत सांगितलं,
नाव नसतं आई, नंबर असतो फक्त.
"आमच्या ठाणांवरही नंबरच असायचा," ती म्हणाली,
"म्हणून काय कुणी ते अंगावर घालत नव्हतं?"

आणि कोटाची बटणं लावून,
किल्ली माझ्या टेबलावर विसरून,
निघून गेली.