शेवटचा आकडा बारा

आज शेवटची तारीख. रात्री बाराला खिडकी मिटते
आणि संध्याकाळी सातलाच माझं यंत्र मुकं.
कोपऱ्यात पिवळा त्रिकोण,
त्यात उद्गारचिन्ह, जणू चूक माझीच.

दौलतगंजातलं हे दुकान, दहा बाय आठ.
बाकावर पटवारीच्या फॉर्मवाली पोरं.
भिंडहून बसनं आलेला बृजेश कुशवाह
दाखल्यांची पिशवी पोटाशी धरून विचारतो,
"दीदी, सर्वर डाउन है क्या?"
सर्वर नाही रे बाबा. सर्वर लांब आहे, सुखात आहे.
गडबड इथली आहे. गडबड बहुतेक वेळा इथलीच असते.

पहिला उपाय सगळ्या जगाचा: बंद कर, चालू कर.
राउटरचा प्लग काढून वीस मोजले.
शटरखालून अजून लू येत होती,
राउटर हाताला तव्यासारखा लागला.
दिवे आले, एक, दोन, तीन,
चौथा जरा लुकलुकून हिरवा झाला.
मोबाइलवर नेट येतंय, म्हणजे लाइन जिवंत.
वायर उपसली, फुंकली, परत खोचली,
ती टक् करते ते कान देऊन ऐकलं.
दुसरी वायर लावून पाहिली.
नाही.

मग काळी पाटी उघडली आणि हाका मारायला बसले.
आधी स्वतःलाच: एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक.
चार हाका, चार उत्तरं, क्षणाचा उशीर नाही.
यंत्राला आपलं आपल्याला ऐकू येतंय. बरं आहे,
पण तेवढ्यावर कुणाचा फॉर्म भरला जात नाही.
मग राउटरला. पहिली पोचली. दुसरी हरवली.
तिसरी पोचली. चौथीचं काही कळवणं नाही.
असली अर्धी उत्तरं मी ओळखते.
दोन वर्षं भोपाळहून फोनवर अशीच यायची.

तेवढ्यात खाली उजवीकडे, बारीक अक्षरात:
या नेटवर्कवर आणखी एका यंत्राचा हाच पत्ता आहे.

हाच?
शेवटचा आकडा बारा. तो मी हातानं घातला होता
नवं यंत्र आणलं त्या दिवशी, यशोधनच्या वहीत बघून.
त्याचं यंत्र मागच्या खोलीत, चादरीखाली गप्प.
भांडण कमिशनचं होतं. खरं तर तेही नव्हतं.
तो गेला, आकडा रिकामा पडला, मी घेतला.

आणि आता बाराला दोघं ओ देत होते.
राउटर बिचारा एकदा इकडे वळायचा, एकदा तिकडे.
आई जेवायला हाक मारायची
तेव्हा आम्ही दोघंही "आलो, आले" म्हणायचो
आणि उठायचं कुणीच नाही.

मधलं दार लोटलं.
चादर जमिनीवर. पंखा फुल्ल.
पायात बूट तसेच, बॅगेची चेन न उघडलेली,
आणि यशोधन पडद्याकडे बघत बसलेला.
"नेट चालत नाहीये ताई तुझं," म्हणाला,
जणू सकाळीच चहा घेऊन गेला होता.
"चालेल कसं? तू बसलायस ना."
त्याला कळलं नाही. मग कळलं.
"मागच्या दारानं कशाला आलास?"
"पुढे गर्दी होती."

"मी बदलू का माझा आकडा?" त्याचा हात कीबोर्डवर.
"राहू दे."
पुढे येऊन मी बाराचे तेरा केले.
त्रिकोण गेला.
राउटरला चार हाका मारल्या, चारही परत आल्या.

आता बृजेशचा फोटो मोठा निघाला, साइट घेईना.
नीतू राठौरचा ओटीपी तिच्या काकांच्या मोबाइलवर
आणि काका मुरैन्यात, झोपलेले.
"दोघांना इकडे पाठव," आतून आवाज, "मी भरतो."
दोन पोरं माझ्याकडे बघत उठली, आत गेली.
नऊ दहा झाले होते.
कमिशनचं मग बघू.