पाण्यात पाहणं

नोव्हेंबरात ओस्त्रावाला चार वाजताच अंधार पडतो.
माझ्या दुकानातले दिवे तेवढे
फुटपाथच्या बर्फावर हिरवट उजेड सांडत असतात.
त्या उजेडात व्रातिस्लाव आला,
ट्राम दुरुस्त करणारा, बोटांच्या पेरांत ग्रीस,
एका खिशात मुरंब्याच्या बरणीत नळाचं पाणी
दुसऱ्यात चौकटीच्या कागदावरची यादी,
दोन हस्ताक्षरांत.

वरचं गोल, जांभळ्या शाईचं :
फायटर. गप्पी वीस. एंजल, पांढरा.
खालचं पेन्सिलीनं कागद फाडणारं :
टायगर बार्ब. ऑस्कर. अजून एक ऑस्कर.

वरची माझी आपोलेना, तो म्हणाला,
खालचा क्विडो. क्विडो रादानाचा.
सप्टेंबरपासून आम्ही एकत्र राहतो.
पोरांना खोली एकच.
टाकी एकशेबारा लिटरची.

मी काही बोलले नाही. बरणी दिव्याला धरली,
नळीत थेंब मोजले,
सातव्या थेंबाला रंग पालटला.
पाणी मऊ आहे तुमचं. गप्पीला जड लागतं,
आणि वीस गप्पींचे दोनशे व्हायला वेळ लागत नाही.
फायटरला झुपकेदार शेपूट दिसली की वाटतं,
आरशातला तो बाहेर आला.
टायगर बार्ब वाईट नसतो हो,
पण त्याला हात नाहीत;
जे चाचपून बघायचं ते तो दातांनी बघतो
आणि एंजलचे पंख असतात लांब, रेशमी, समोरच.
एंजलही साधा नव्हे.
(माझा पहिला नवरा अगदी तसा. देखणा,
आणि सगळं जग तोंडात मावेल असं समजणारा.
ते असो.)
ऑस्कर आज तुमच्या अंगठ्याएवढा,
पुढच्या नाताळात त्याला या टाकीत
मान वळवून मागं बघता येणार नाही.

यात गुन्हा कुणाचाच नाही.
जे तोंडात मावतं त्याला मासा घास म्हणतो,
एवढंच त्याचं व्याकरण.
माणसं एकमेकांना पाण्यात पाहतात, हौसेनं.
मासे बिचारे
दुसरं कुठं पाहणार?

मग उरलं काय, त्यानं विचारलं.
वाळू, मी म्हटलं. रोपं. एक गोगलगाय.
आणि सहा आठवडे.

तो दार जरा जोरातच ओढून गेला.

तिसऱ्या आठवड्यात पोरं आली, दोघंच,
बरणी अर्धी वाट तिच्या हातात, अर्धी वाट त्याच्या;
अर्धी कुठं संपते यावरून भांडण झालेलं,
निम्मं पाणी ट्राममध्ये सांडलेलं.
उरलेलं तपासलं. अजून नाही.
मग ती कोरीडोरसच्या टाकीपुढं उकिडवी बसली,
मिशांचे सहा-सात जण वाळू हुंगत फिरत होते.
हा डोळा मारतो!
तुला नाही, मला मारला.
मी उंदराच्या खाद्याचं पोतं उचलायला आत गेले
आणि मुद्दाम उशिरा आले.

जानेवारीत नेले :
आधी एम्बर टेट्रा आठ, नारिंगी, नखाएवढे,
पंधरवड्यानं कोरीडोरस सहा.
पिशवी आधी पाण्यावर तरंगू द्या.
पहिल्या रात्री दिवा नको.
आणि नवे सोडाल तेव्हा दगड हलवा,
सगळेच, थोडे थोडे,
म्हणजे कुणाचाच कोपरा जुना राहत नाही.

फेब्रुवारीत व्रातिस्लावचा फोन.
दगड हलवले?
हलवले. पोरांनी पलंगही हलवले, का कोण जाणे,
आता कपाटाचं दार उघडत नाही.
पण बाई, एक मासा गेला बहुतेक.
क्विडो मोजतो तर सात भरतात,
आपोलेना म्हणते आठ.
रोज संध्याकाळी काचेला नाक लावून
एक डावीकडून मोजत येतो, एक उजवीकडून,
मधे गाठ पडली की पुन्हा पहिल्यापासून.
जेवायला हाका मारून थकतो आम्ही.

मोजू द्या, मी म्हटलं.

त्या दिवशी जाळीत दोन जास्त आले होते.
मी ते पिशवीतच राहू दिले,
बिलावर आठच लिहिले.
हे मी अजून
कुणाला सांगितलेलं नाही.