लेव्हल

फ्रिज एका बंद पडलेल्या लॉजच्या लिलावातला.
जळगावहून कोथिंबिरीच्या टेम्पोतून आला,
दारावर अजून दोनशे सात नंबरचं स्टिकर.
यांनी तो ओसरीवर डोक्यावर उभा केला,
रात्रभर तसाच.
आत अडकलेला अमोनिया म्हणे
उलटं केल्यावर मोकळा होतो.
कुमुदताई दारातूनच म्हणाल्या,
कामून व प्रमिला, याले शिक्षा दिली का?

एसी डब्यांच्या शेडमध्ये चौतीस वर्षं काढली यांनी.
साहेब लोकांना काशीपर्यंत गार ठेवलं.
घरी टेबलफॅन.

आता निवृत्तीच्या पैशातून शाळेची जुनी गाडी.
पिवळ्यावर पांढरा मारला, तरी उन्हात
दप्तर घेऊन पळणारी मुलगी खालून दिसतेच.
तिच्या पायाशी यांनी जाळीसाठी भोक पाडलं.

‘याला कॉम्प्रेसर नसतो.
हा मागून तापतो, म्हणून आतून गार होतो.’
मी म्हटलं, बरं आहे त्याचं.
तुम्ही नुसतेच तापता.

पण मे महिना भुसावळचा.
बाहेर पंचेचाळीस, फ्रिजमध्ये एकोणतीस,
दही दुपारपर्यंत फसफसलेलं.
मग सुरू झालं.
खाली एक झरोका, वर एक झरोका,
मध्ये वाकवलेला पत्रा,
हवेला दुसरी वाटच नको म्हणून.
हेमराजचा सायबर कॅफे मोडला, त्या भंगारातले दोन पंखे,
एक ढकलणारा, एक ओढणारा.
पहिल्यांदा दोन्ही ढकलणारेच लागले.
वरच्या झरोक्यात गांधीलमाश्यांनी घर केलं
तेव्हा आठ दिवस काम बंद.
त्यांनाही कुठं जायचं असेल, म्हणाले.

नळाला फवारणीपंपाचा दांडा, पायानं दाबायचा.
बॅटऱ्या ई-रिक्षाच्या.
ड्रॉवरना रेल्वेच्या खिडकीच्या कड्या,
कुठून आल्या ते मी विचारलं नाही.
टेबल म्हणजे माझ्या शिलाई मशीनची फळी,
हे मात्र यांनी मला विचारायला हवं होतं.

सव्वा वर्ष गाडी गल्लीतच.
कुमुदताईंच्या नातीच्या हळदीचे गजरे तिच्यात राहिले,
बोंडे गुरुजींचे डोळ्यांचे थेंब,
एकदा कुणाचं तरी आईस्क्रीम,
त्याबद्दल कुणी बोलत नाही.
कधी निघायचं विचारलं की
‘अजून एक झरोका.’

एका गुरुवारी मीच जाऊन पुढे बसले.
मांडीवर कळण्याच्या भाकरी, ठेचा.
किल्ली यांच्या खिशात होती,
पण मी बसले.

हतनूरपर्यंत. बस.
फेकरीच्या गतिरोधकावर सगळे ड्रॉवर गप्प राहिले,
तर हे इतके खूश झाले
की पुढचा गतिरोधक मुद्दाम जोरात घेतला.

धरणाच्या काठी जमीन तिरपी.
हा फ्रिज तिरका चालत नाही, रुसतो.
चाकाखाली चपटा दगड, फ्रिजवर पाण्याचा पेला,
गाडी वीतभर पुढे, वीतभर मागे.
‘काठाकडे बघ, मध्ये नको.’
‘डावीकडे जास्त आहे.’
‘तुझी डावी की गाडीची?’
अंधार पडेतो आम्ही दोघं
एका पेल्यातलं पाणी बघत होतो,
आणि मागे एवढं मोठं धरण
आपलं आपण लेव्हलमध्ये.

रात्री तीनला यांनी मला उठवलं.
टॉर्चनं ट्रे दाखवला.
बर्फ नाही म्हणावं तर होता,
दुधावर धरते तेवढी साय.
बोट लावलं तर फुटेल
म्हणून दोघांनीही लावलं नाही.

सकाळी पाणीच.
‘वरचा पंखा उलटा फिरतोय,’ हे म्हणाले
आणि पेचकस शोधायला लागले.
तो माझ्या उशीखाली होता.
चहा होईपर्यंत
मी काही सांगितलं नाही.