कुत्र्यांची वही

बाबांच्या टेबलाच्या खालच्या खणात,
मुदत संपलेल्या क्लोरोक्विनच्या पाकिटांखाली
एक शाळकरी वही सापडली.
मला वाटलं, उधारीची असेल.
आईला वाटलं, कविता असतील. तिला जुना संशय होता.

पहिल्या पानावर:
सावरटोला. बोडीच्या पाळीवरून तिसरं घर, सुकरू मडावी.
कुत्रा राजा. भुंकतो, चावत नाही.
खाली:
खैरी. दयाराम शेंद्रे. कुत्री झुमरी.
व्यायलेली असेल तर अंगणात शिरू नये, हाक मारावी.
मग तांबड्या शाईत:
केवळराम दिघोरे. काळ्या. चावतो. मागून.

त्यांच्या पोटरीवरचा अर्धा चंद्र
मला त्या ओळीत कळला.
आम्हाला सांगितलं होतं, खुंट लागला.

अशी चौऱ्याऐंशी पानं.
छत्तीस वर्षांच्या रात्री,
आणि कोणाला काय झालं होतं ते कुठेच नाही.
एका जागी सोडून.
तिथं घराचं नाव खोडलंय, बाजूला बारीक अक्षरात:
पोर गेलं. कुत्रा अजून शेपूट हलवतो.

दवाखान्याच्या पाटीवर होतं:
डॉ. हेमराज लांजेवार. सकाळी ९ ते १.
रात्री खिडकी वाजवा.
खिडकी आमच्या झोपायच्या खोलीची.
फीमध्ये शिंगाडे यायचे, लाखोळीची डाळ यायची,
कधी नुसतंच, "साहेब, धान निघाल्यावर."
"माणसं याला मिळतात,
डाळ मला," आई म्हणायची,
आणि निवडायला बसायची.

मंडईच्या दिवसांत नाटक असायचं.
आम्ही पुढच्या रांगेत, मांडीवर शेंगा.
दुसऱ्या अंकात कधीतरी खलनायक मध्येच थांबायचा,
सुटू पाहणारी मिशी एका हातानं धरून
माईकजवळ यायचा:
"डाक्टर साहेब जेथं असतीन तेथून गेटावर या जी,
पिंपरीची बाई अडली हाये."
बाबा उठायचे. उरलेल्या शेंगा
माझ्या फ्रॉकमध्ये ओतून.
बाहेर एम-एटीची किक, एकदा, दोनदा,
आणि खलनायक पुन्हा खलनायक व्हायचा.

शेवट सकाळी मी सांगायचे.
ते दात घासत उभ्याउभ्या ऐकायचे.
एकदा फार दमून आले होते,
हात धुतच राहिले, धुतच राहिले.
त्या दिवशी मी नाटकातल्या सगळ्यांना जिवंत ठेवलं.
सासरी जाळलेली सून, तिचा भाऊ, म्हातारा पाटीलसुद्धा.
"बरं झालं," म्हणाले,
आणि चप्पल न काढताच झोपले.

आम्हा बहिणींना सुई मात्र त्यांनी
एकदाही टोचली नाही.
गोपीचंदकाका कंपाउंडर टोचायचे,
आणि हा माणूस, ज्यानं कंदिलाच्या उजेडात
अख्ख्या पंचक्रोशीला टाके घातले,
अंगणात जाऊन बंद गाडीला
उगाच किका मारत राहायचा,
आमचं रडणं ऐकू येऊ नये म्हणून.

तेरवीनंतर डबे परत करायला निघाले.
नावं ठाऊक, घरं नाहीत.
वही काढली.
राजा नव्हता, झुमरी नव्हती,
त्यांची नातवंडं, पतवंडं होती पाळीवर.
भुंकली रीतसर.
दिघोऱ्यांच्या दारात एक काळं उठलं,
माझ्या मागून आलं,
गाडीचं चाक हुंगलं बराच वेळ,
मग सीट हुंगली,
आणि माझ्याकडे असं पाहिलं
की मीच काहीतरी विसरून आलेय.

शेवटची नोंद मी परतल्यावर वाचली.
आपलं घर. कुत्रा नाही.
फाटकाची कडी वाजते.
उचलून लावावी, पोरी झोपल्या असतात.

फाटक उघडंच राहिलं होतं.
पुन्हा बाहेर गेले.
आई जागी होती, बहीण जागी होती,
दवाखान्यातला दिवासुद्धा कोणी विझवला नव्हता.
तरी कडी उचलूनच लावली.