हळदीकुंकू

जाळं माझंच होतं.
हे आधी सांगून टाकतो,
कारण गावात फिरली ती गोष्ट दुसरीच,
की दसारामनं बदक वाचवलं.

पौषातली पहाट. तलावावर धुक्याचं झाकण.
वल्ह्याला पाणी लागत होतं
पण दिसत नव्हतं.
तिसऱ्या बांबूपाशी जाळं जड झालं.
मरळ असेल, वाटलं, मोठी.
मनात तिचा भावही करून झाला.

वर आला तो पंख.
राखाडी, ओला, मधे एक हिरवी पट्टी,
विटक्या लुगड्याचा काठ तेवढा उरावा तशी.
धागा पार मांसात गेलेला
आणि ती ओरडत नव्हती.
ओरडून झालं असावं रात्रीच.

सोडवायला जावं तर धागा आणखी आवळे.
नवं जाळं, तुमसरच्या बाजारातलं,
दोनदाच पाण्यात उतरलेलं.
खरं सांगतो, थोडा वेळ मी नुसता बसून राहिलो.
डोंगा आपल्या मनानं फिरत गेला.
मग चाकू काढला.

शर्टात गुंडाळून घरी आणली.
आत्या म्हणाली, "दोन जेवणं तं सहज निंगन."
पाटासुद्धा धुवून घेतला तिनं.
भागरता काही बोलली नाही.
कोंबड्या हाकलल्या, डाला उचलला,
आणि पालथा घातला हिच्यावर.

उईके ड्रेसर सायकलवरून चालला होता.
"मी ढोरायचा आहो बावा, पाखरायचा नाही,"
असं म्हणत सायकल लावली,
असंच म्हणत चष्मा पुसला,
आणि बांबूची काडी सोलत बसला, उदबत्तीइतकी बारीक होईस्तोवर.
"धर. दाबू नोको. धर."
धरणं आणि दाबणं,
जन्मभर मासे धरलेल्या या हातांना
यातलं अंतर ठाऊक नव्हतं.
तळव्याखाली काहीतरी जीव खाऊन पळत होतं
आणि जागचं हलत नव्हतं.

भागरतानं जखमेवर हळद भरली.
चोचीच्या टोकाला तिची स्वतःची हळद होतीच,
आणि चोच जिथं सुरू होते तिथं
कुंकवाचे दोन ठिपके.
आत्या वाकून बघत राहिली.
आत्याचं कपाळ कोरं आहे
माझे दुधाचे दात पडत होते तेव्हापासून.
"लावून आली व माय," एवढंच म्हणाली,
आणि पाटा उचलून भिंतीला टेकवला.

भात खाईना. कण्या खाईना.
पोरगी बोडीच्या काठानं देवधान ओरबाडून आणे,
चिखलातल्या गोगलगायी आणे डबाभर,
शाळेच्याच डब्यात.

रात्री तलावाकडून आवाज यायचा,
भसाडा, एकटा.
डाल्याखालून उत्तर जायचं.
मधे आमचं घर, बेशरमाचं कुंपण,
ग्रामपंचायतीचा मिचमिचणारा दिवा.
आम्ही दोघं अंथरुणात अवघडून पडलेले,
शेजारच्या नवराबायकोचं बोलणं
चुकून कानावर आल्यासारखे.

एकविसाव्या दिवशी काडी काढली.
पंख जरासा वाकडाच बसला होता.
"उडन," उईके म्हणाला. "नाही उडली तं पोहन."
तलावाच्या पाळीवर डाला उचलला.
ती निघाली, केशरी पाय टाकत,
बाजाराला उशीर झालेल्या बाईसारखी,
पाण्यात शिरली, कमळाच्या पानांआड गेली.
उडाली नाही.
पोरगी टाळी वाजवायला हात उचलून उभी होती,
ते हात तसेच खाली आले.

आता थवा उठतो तेव्हा मोजतो मी.
हळदीकुंकू सगळ्यांनाच आहे.
एक जरा मागून उठतं, कधीकधी.
असेल. नसेल.

उगवतीच्या कोपऱ्यात मी जाळं टाकत नाही.
सोसायटीतली पोरं विचारतात, काहून?
गाळ आहे, म्हणतो.
फाडलेलं शिवलं, पण थंडीनं बोटं आखडलेली,
गाठी विरळ पडल्या.
परवा तिथूनच निसटली मरळ.
मोठी होती.